आमच्या ह्यांचं बाळंतपण

चूक माझीच होती. मी 'शेक' म्हणाले.

आता दुसरं काय म्हणणार होते? डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी शब्द सांगितला. त्याचं शेपूट कानात शिरेपर्यंत मी त्याचं डोकं विसरले होते. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, लाइट देतात. दुसरी म्हणाली, करंट देतात. तिसरी जरा जुनी होती, तिचं निम्मं होऊन गेलं होतं. ती म्हणाली, "अहो, शेक म्हणायचं. सगळे शेकच म्हणतात." मला तो शब्द बरा वाटला. उबदार, घरातला. करंट म्हटलं की माणूस दचकतो, शेक म्हटलं की पाय पसरून बसतो.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही मोरिवलीत राहत होतो, अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून. आमची भाताची खाचरं कारखान्यांच्या भिंतीआड गेली आणि त्याच भिंतीआड ह्यांना नोकरी लागली. कापडाचे रंग बनवणाऱ्या कंपनीत फिटर होते. तीस वर्षं हे घरी आले ते कधी हिरवे, कधी पिवळे, कधी नखांपर्यंत गुलाबी. सासूबाई दारातच बादली घेऊन उभ्या असायच्या. लग्न झालं, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, तरी ह्यांची पाठ घासायचं काम त्यांनी सोडलं नाही. "तुझ्या हातात जोर नाय गो," असं मला सांगायच्या.

तर ह्यांना सहा महिने ॲसिडिटी होती. म्हणजे ते म्हणत ॲसिडिटी, आम्हीही म्हणत होतो. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. सोडा प्यायचे, ढेकर काढायचे, "गेली" म्हणायचे. ती जात नव्हती. कमरेचा पट्टा आत आत यायला लागला. खिळ्याने नवं भोक पाडून पाडून पट्ट्याची चाळण झाली, तेव्हा मी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला. जठरात गाठ. कॅन्सरची.

डॉक्टर माणूस सरळ होता. त्याच्या त्या इंग्रजी शब्दाच्या जागी मी आपला शेकच सांगते. म्हणाला, "आत्ता कापायला गेलो तर सगळी निघेल याची खात्री नाही. आधी पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून, शेक देऊ, जोडीला गोळ्या. गाठ आक्रसली तर ऑपरेशन करू."

"आणि नाही आक्रसली तर?" मी विचारलं.

त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला. म्हणजे काय ते मी समजले. तेव्हापासून 'आक्रसली तर' हे दोन शब्द माझ्या पोटात असे बसले, की गाठ कोणाला आहे असा प्रश्न पडावा.

दवाखान्याच्या पायरीवर ह्यांनी मला हुकूम सोडला, "आयेला सांगायचं नाही." सासूबाई तेव्हा ऐंशीच्या आसपास. आमच्या घरात तो शब्द फक्त दुसऱ्यांच्या माणसांसाठी वापरत. म्हणून घरी गेल्यावर मी सांगितलं, "आई, ह्यांचं पोट आतून बिघडलंय. पंचवीस दिवस शेक द्यायचाय."

सासूबाईंनी बोटं मोजली. "पंचवीसच? सवा महिना असतो."

तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी चहाचं आधण बघत होते.

सांगायचं राहिलं. आमच्या सासूबाई म्हणजे गावातल्या बाळंतिणींचा आधार. माहेर त्यांचं जांभूळ, तिथूनच हा गुण घेऊन आल्या. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्याने अंग शेकून काढायचं, बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी द्यायची. मोरिवलीतली निम्मी डोकी त्यांच्या हाताने गोल झालेली. गावात भांडण झालं तरी त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे, कारण समोरच्याला त्यांनी कधी ना कधी उघडं धुतलेलं असायचं.

शेकाच्या आधी मापं घ्यायला अर्धा दिवस लागला. मशीनवर एक मॅडम होत्या, जाड चष्म्याच्या, गणिताच्या बाईंसारख्या कडक. त्यांनी ह्यांना टेबलावर झोपवलं आणि पोटावर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. एक उभी, दोन आडव्या, दोन्ही कुशींवर अधिकची चिन्हं. परक्या बाईसमोर बनियन वर करायला हे लाजत होते, पण रेघा बघितल्यावर उठून बसले. बाहेर येऊन मला म्हणतात कसे, "मार्किंग केलंय! ए-वन मार्किंग!" तीस वर्षं लोखंडावर रेघा मारून कापायची सवय. गाठीची भीती वाटली नाही असं नाही, पण रेघ बघून धीर आला. मापात काम होणार म्हणाले.

वर मॅडमना सल्लाही दिला, "मॅडम, पंच मारायला विसरलात. रेघ पुसली तर? आम्ही रेघेवर पंचने टिंब ठोकतो. रेघ गेली तरी टिंब राहतं."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही पुसू नका म्हणजे झालं. छातीपासून कमरेपर्यंत पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. या रेघांवर मशीन लागतं. पुसल्या तर पुन्हा सगळी मापं."

जायची यायची सोय अशी झाली. बाकावरच एक सिंधी बाई भेटली होती, उल्हासनगरच्या कॅम्पातली, माझ्याच वयाची. तिला छातीला शेक होता. तिच्या नवऱ्याचं लेस आणि इलॅस्टिकचं दुकान, त्यांची मारुती व्हॅन रोज तिला घेऊन जायची. म्हणाली, "भाभी, गाड़ी तो आधी खाली जाती है. नाके पे खड़े रहना." त्यानंतर रोज आम्ही इलॅस्टिकच्या गठ्ठ्यांवर बसून दीड तास जायचो, दीड तास यायचो. भाडं विचारलं तर ती कानांना हात लावायची. मग मी सुकटीची चटणी करून नेली. ती म्हणाली आम्ही खात नाही, आणि तिच्या नवऱ्याने डबा पुसून परत पाठवला.

पहिल्या दिवशी शेक घेऊन घरी आलो. मॅडम म्हणाल्या होत्या काही कळणार नाही, तसंच झालं. हे म्हणाले, "मशीन फिरलं, घूं झालं, संपलं. मला वाटलं अजून सुरूच नाही झालं." मी आपली खुशीत दार ढकललं, तर घरात धूर.

मधल्या खोलीत बाज टाकलेली. बाजेवर गोधडी. बाजेखाली शेगडी, कोळसे लालभडक. ताटलीत ओवा, शेपा, लसणीची सालं. खुंटीवर एक लोकरी मफलर, कानाला बांधायला. आणि पाटावर सासूबाई, पदर खोचून.

"हे काय, आये?" हे दारातच थांबले.

"शेक."

"शेक घेऊन आलो मी तिकडून."

"तिकडचा तिकडं. विजेच्या शेकाला कोलशाची सर हाय काय? नीज."

"आये, मी काय बाळंतीण आहे?"

"पोट ते पोट," सासूबाई म्हणाल्या. "बालंतिनीचं काय नि तुझं काय. आतनं कच्चं झालं की शेकायचं."

माझ्या पाठोपाठ सिंधी बाई आत आली होती, पाणी प्यायला. सासूबाईंनी तिलाच साक्षीला धरलं. "यांना बी शेक हाय?"

"हां अम्मा, सिकाई," ती बिचारी भोळेपणी म्हणाली. "मेरी भी सिकाई चालू है."

सासूबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "ह्या वयात?" त्या म्हणाल्या.

मी हसू दाबायला आत पळाले. ह्यांनी पाय आपटले, पण धुराने डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला रागावता येत नाही. शेवटी तह झाला. शेगडी बाजेच्या पायथ्याशी, म्हणजे फक्त तळपायांना ऊब. पोटाजवळ निखारा आणायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय. कानाला मफलर चालेल. आणि लाडू चालतील.

लाडवांचं मी दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून घेतलं. म्हणाल्या, "पोटात टिकेल ते द्या. वजन उतरलं तर सर्जन हात लावणार नाहीत. फक्त शेकाआधी तीन तास पोट रिकामं हवं." हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "उपाशी ठेवतो? जल्ला तो डाक्टर!" आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर झोपताना ह्यांच्या शर्टाच्या खिशातून अळिवाचा लाडू घरंगळला आणि थेट त्या लाखो रुपयांच्या मशीनखाली गेला. मॅडम टॉर्च घेऊन ओणव्या झाल्या. ह्यांनी म्हणे डोळे मिटून घेतले होते.

पण खरं सांगते, त्या लाडवांनीच तारलं. भाकरी बघितली की हे तोंड फिरवायचे, पण सासूबाई समोर बसून लाडवाचा चतकोर पुढे करायच्या आणि "खा" म्हणायच्या, तेव्हा छप्पन्न वर्षांचा माणूस निमूट आ करायचा. काट्यावर उभं केलं की मॅडम आधी काट्याकडे बघायच्या, मग ह्यांच्याकडे, आणि लिहायच्या, 'तेवढंच'.

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ? संध्याकाळी बायका ओटीवर जमायला लागल्या. शेजारीण जरा फटकळ. दारातूनच ओरडायची, "काय वैनी, भावजींचं बारसं कवा?"

मफलरातून आवाज यायचा, "तुला नाही बोलवणार. तू घुगऱ्या घरी घेऊन जातेस."

"मंग पाचवी तरी करा! सटवी यायची नि लिहिल्याबिगर जायची."

"लिहून गेली," हे बनियन वर करून जांभळ्या रेघा दाखवायचे. "बघ, कपाळ सोडून पोटावर लिहिलंय."

असे दहा दिवस हसण्यात गेले. मग शेक अंगावर यायला लागला. उमासे यायचे. पोटाची कातडी उन्हात फिरून आल्यासारखी झाली. हे भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. शेजारणीला उत्तर द्यायचं बंद झालं, तेव्हा तीही यायची बंद झाली. मी पाटावर बसून ह्यांच्या पायांकडे बघायची. आक्रसली तर. आक्रसली तर.

एका रविवारी बदलापूरला माझ्या भाच्याचा साखरपुडा होता. मी जाणार नव्हते, हेच म्हणाले, "जा, जरा माणसांत बसून ये." दोन तासांत परत आले. दार उघडलं तर शिकेकाईचा वास. मोरीत पाणी, पाटावर तेलाची वाटी. बाजेवर हे उताणे, तोंड उघडं, असे गाढ झोपलेले, की तशी झोप मी दोन आठवड्यांत बघितली नव्हती. पोट उघडं. आणि पोट, काय सांगू तुम्हाला, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पाटीसारखं स्वच्छ.

सासूबाई घाम पुसत होत्या. समाधानाने म्हणाल्या, "केवढा कंपनीचा रंग बसला होता गो! जांभला जांभला. दोनदा उटनं लावलं तवा गेला."

त्या काय चुकल्या होत्या? तीस वर्षं त्या ह्याच पाठीवरचा रंग घासत आल्या होत्या. ह्यांना कंपनीतून सुट्टी आहे एवढं त्यांच्या हातांना कोण सांगणार? आणि रेघा कशाला आहेत हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर मग सगळंच सांगायला लागलं असतं. हे रेघा दाखवून सटवाईच्या थापा मारायचे, तेव्हा त्यांनी ती थट्टाच समजली.

मी ह्यांना हलवलं. हे जागे झाले, पोटाकडे बघितलं, हाताने चाचपलं. मग माझ्याकडे असे बघायला लागले, की मला आमच्या पहिल्या मुलाच्या वेळचा त्यांचा चेहरा आठवला. तेव्हाही असेच दारात उभे होते, हात कुठे ठेवावे ते न कळून.

"तू कशी गेलीस मला टाकून?"

"तुम्हीच पाठवलंत! आणि तुम्ही झोपलात कसे?"

"आये तेल लावत होती गं. डोळे कधी मिटले कळलंच नाही."

मग आम्ही जे केलं ते आजही कोणाला सांगताना मी अर्धं गाळते. हे उठले, ट्रंक उघडली, आतून स्टीलची पट्टी काढली, डिव्हायडर काढला. पहिल्याच दिवशी त्यांनी हौसेने सगळी मापं घेऊन कंपनीच्या जुन्या डायरीत टिपली होती, फिटरची खोड. म्हणाले, "दार लाव. जांभळं औषध आण." नातवाच्या तोंडात फोड आले तेव्हाची बाटली फळीवर होती.

आरशासमोर हे छाती काढून उभे. मी पाटावर उकिडवी, हातात काडी, काडीला कापूस. "बेंबीपासून वर एकशे चाळीस एमएम. हं. आता पट्टी लाव. श्वास धरलाय, मार रेघ. अगं सरळ! रांगोळी नाही ही!"

"हलू नका, मग सरळ येईल."

"दोन एमएम डावीकडे."

"कोणाच्या डावीकडे, तुमच्या की आरशातल्याच्या?"

तेवढ्यात हे हसले. दोन आठवड्यांनी हसले, आणि रेघ वाकडी झाली, ती तेलात बोट बुडवून पुसली, पुन्हा मारली. शेवटी काम सुरेख झालं. हे आरशात वळून वळून बघत होते. मला म्हणाले, "उद्या तिथे तोंड उघडायचं नाही. मापं पुन्हा म्हणजे दिवस जाणार. शेकात खंड पडला आणि ती आक्रसली नाही, तर?"

तेव्हा मला कळलं, की ते दोन शब्द त्यांच्याही पोटात होते.

सोमवारी व्हॅनमध्ये मी एक अक्षर बोलले नाही. सिंधी बाईने दोनदा विचारलं, "भाभी, झगड़ा हुआ क्या?" मी मान हलवली. मनात हिशेब चाललेला. बोलले तर दिवस जाणार. नाही बोलले तर रेघा बरोबरच आहेत की, डायरीत बघून मारल्यात. पण माझ्या हाताने मारल्यात. माझ्या हाताने करंजीची कातण कधी सरळ गेली नाही.

ह्यांचा नंबर आला. हे आत गेले, जड दार सरकायला लागलं, शेक चालू झाल्याचा दारावरचा दिवा लागायच्या बेतात होता. आणि मी ओरडले. दवाखान्यात असं कोणी ओरडत नाही. "मॅडम, थांबा! त्या रेघा मी मारल्यात!"

मॅडम माझ्याकडे बघून आत गेल्या. मीही पाठोपाठ. हे टेबलावर डोळे घट्ट मिटून पडलेले. मॅडमनी वाकून पोट बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"तरीच म्हटलं, आज इतक्या सरळ कशा," त्या म्हणाल्या. "आमच्यापेक्षा चांगल्या आल्यात." मग त्यांनी आपला कागद काढला, वरून दिव्याची रेघ पाडली. ती आमच्या रेघेच्या खाली पडली. एक बोट खाली. "पण चुकीच्या जागी."

"मापं बरोबर आहेत," हे टेबलावरून म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "डायरीत आहेत."

"रेघा मारताना उभे होतात का?"

"हो."

"आणि मापं घेतलीत तेव्हा?"

"झोपलो होतो. बाजेवर."

"काका, लोखंड झोपवलं काय आणि उभं केलं काय, तेवढंच राहतं. पोट तसं नसतं."

तीस वर्षांच्या फिटरने डोळे पुन्हा मिटून घेतले. मी विचारलं, एक बोट चुकलं असतं तर काय झालं असतं? त्या म्हणाल्या, मी पोट बघितल्याशिवाय बटण दाबत नाही, पण काही दुरुस्त करायचं असेल तर माझ्यापासून लपवून करू नका. एवढंच. न ओरडता म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

पुन्हा मापं झाली. दोन दिवस बुडाले, ते शेवटी वाढवून देणार म्हणाले, दोन दिवसांनी बिघडत नाही. आणि या खेपेला मॅडमनी सुई काढली, शाईत बुडवली आणि तीन टिंबं गोंदली. एक पोटाच्या मधोमध, एकेक दोन्ही कुशींवर. "आता कोणाच्या आईने घासलं तरी जायचं नाही."

हे कण्हत म्हणाले, "हेच म्हणत होतो. पंच."

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. ह्यांची परवानगी न विचारता. तो शब्दही सांगितला. त्यांनी ऐकलं, पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"सटवी कपालावर लिवते," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पोटावर डाक्टरनी लिवलं. नि मी पुसलं."

"आई, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मी पुसलं गो."

दोन दिवस त्या मधल्या खोलीत आल्या नाहीत. शेगडी पेटवली नाही. लाडवाचा डबा माझ्या हातात दिला, पण मी दिलेला लाडू ह्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी हेच उठून ओटीवर गेले, त्यांच्यापुढे बसले आणि बनियन वर केलं.

"हे बघ. आता पुसून दाखव."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "गोंदलं? कोनी?"

"मशीनवाल्या मॅडमनी."

"दुखलं?"

"मुंगी चावल्यासारखं."

त्यांनी आपला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, तुळस, विंचू, टिंबांच्या रांगा, सगळं सुरकुत्यांत जवळजवळ आलेलं. "मी रडलेली. नव वर्साची होते. आय बोलली, रडू नको, मानूस जातो तवा हेच बरोबर येतं, बाकी सगलं हितंच." एवढं बोलल्यावर काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. ह्यांच्या पोटावरच्या टिंबाला त्यांनी बोट लावलं आणि दम दिल्यासारखं म्हणाल्या, "तू एवढ्यात न्यायचं नाय."

"नाही नेत."

"शेगडी पेटव गो," मला म्हणाल्या. "पाय गार पडलंत ह्याचं."

आणि बाळंतिणीचा मुक्काम पुन्हा सुरू झाला. आता राखण मात्र अशी, की मी अंगावर चादर टाकायला गेले तरी विचारायच्या, "हात धुतलंस?"

शेक संपला. सहा आठवडे थांबायचं होतं, आतलं तापलेलं निवायला. मग फोटो काढला. डॉक्टरने तो उजेडाला धरला, जुना फोटो शेजारी धरला आणि पेपरवेटला हात न लावता म्हणाला, "आक्रसली."

मी त्याच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. हे म्हणाले, "किती एमएम?"

ऑपरेशन चार तास चाललं. जठर बहुतेक काढलं. बाहेर येऊन सर्जनने माझ्या हातात एक प्लॅस्टिकची बरणी दिली. तपासायला लॅबमध्ये नेऊन द्यायची, कडा साफ आहेत का ते तिथे कळणार. तेव्हा असंच करत, नातेवाइकांच्याच हातात देत. लॅब उल्हासनगरात, म्हणून सिंधी बाई बरोबर आली. तिचा शेक केव्हाच संपला होता. स्टेशनवरून पुढे रिक्षात मी बरणी मांडीवर घेऊन बसले, दोन्ही हातांनी धरून, वर पदर. रस्ता असा, की प्रत्येक खड्ड्याला मी बरणी छातीशी घ्यायची.

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "अचार है क्या मौसी? संभाल के, गाडीत सांडू नका."

सिंधी बाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि त्या भर दुपारी, नवऱ्याचं जठर मांडीवर घेऊन, मी हसत सुटले. तीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रिक्षावाला वाईट वाटून घेऊन पुढे बघायला लागला.

सासूबाईंनी घरी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कसं व्हतं?"

"बरणीत होतं, आई. मी बघितलं नाही."

"नव महिने बघत नाय कोनी," त्या म्हणाल्या. "नीट धरलंवतंस ना?"

रिपोर्ट यायला जवळजवळ दोन आठवडे गेले. कडा साफ. हे अंथरुणावरून म्हणाले, "म्हणजे फिनिशिंग बरोबर आलं." टाके निघालेले होते. डॉक्टरला मी एवढंच विचारलं, की तेल लावून आंघोळ चालेल का. तो म्हणाला, आता खुशाल.

त्या दिवशी शेजारणीने न बोलावता घुगऱ्या शिजवून आणल्या. ह्यांना चारच दाणे मिळाले, तेही अर्धा तास चावून, कारण जठर म्हणजे आता चहाच्या कपाएवढं. "नाव काय ठेवायचं?" तिने विचारलं. "ठेवा काहीही, मला जेवू द्या," हे म्हणाले, आणि पाचवा दाणा मागितला.

मोरीत पाणी कढत होतं. सासूबाई पदर खोचून पाटावर बसल्या, हे त्यांच्यापुढे, पोटावर टाक्यांची उभी रेघ, नवी, गुलाबी. त्या रेघेला सासूबाईंनी हात लावला नाही. तिच्या कडेकडेने तेल लावलं, पाठ घासली, खांदे घासले. मग कुशीवरचं टिंब दिसलं. अंगठा शिकेकाईत बुडवून त्यांनी ते घासलं. एकदा. पाणी ओतून बघितलं. पुन्हा घासलं, जरा जोर लावून. हे ओरडले, "आये!"

"गप र्‍हा," त्या म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा घासून, वाकून, डोळे बारीक करून बघितलं.

"नाय जात," त्यांनी मला सांगितलं, आणि पुढचा तांब्या ओतला.